गोजीला फळ धरंपतुर अनवाणी

आमच्या गल्लीत दादासो चपला करतो. माझ्यापेक्षा चार-दोन पावसाळे लहान, म्हणून मी त्याला अरेतुरे करते आणि तो मला आक्का म्हणतो. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, वर गच्ची. कातडं भिजवायचं, कापायचं, ठोकायचं, वादीनं शिवायचं, सगळं घरातच. माणूस चांगला, पण तोंडातनं शब्द गेला की परत घ्यायचा नाही ही त्याची रीत, आणि शब्द तर दिवसभर जातच असतात. त्याची बायको बाळाबाई म्हणते, "ह्येंच्या तोंडाला बी दोन टाकं घालाय पायजे हुतं."

त्याची नात मनाली पुण्याला नोकरीला होती. एका दिवाळीला तिनं एक पुडी आणली. आत लाल, सुरकुतलेली, बेदाण्याएवढी फळं. म्हणाली, "आजोबा, ह्याला गोजी बेरी म्हणतात. डोळ्यांना चांगली असते. चीनकडनं येते."

दादासोनं एक फळ चावलं. दातात अडकलेलं बी नखावर घेऊन बघितलं. तिळाहून बारीक, पिवळं.

"बी हाय म्हंजे झाड हाय," तो म्हणाला. उरलेली फळं त्यानं पाण्यात भिजवली, चोळली आणि बिया दह्याच्या रिकाम्या डब्यात पेरल्या. मनालीची सुट्टी संपायच्या आत रोपं वर आली. दिसायला अगदी मिरचीची.

इथंच घात झाला. रोप मिरचीसारखं, म्हणजे पुढचं सगळंही मिरचीसारखंच, असं त्यानं धरलं.

संध्याकाळी तो ही बातमी घेऊन कट्ट्यावर गेला. कट्ट्यावर आण्णा असतो. एसटीत कंडक्टर होता, आता रिटायर झालाय, पण कुणी बोलायला लागलं की मध्येच घंटी मारायची सवय काही गेली नाही.

"दादासो, तुझ्या गच्चीवर तुळस जळली, कोरफड कुजली, आणि आता चीनचं फळ लागतंय व्हय?"

"लागतंय की! न लागाय काय झालं?"

"लागंल, लागंल. माझ्या टकलावर क्यास उगवलं की लागंल."

सगळा कट्टा हसला. दादासो ताडकन उठला, पायातल्या चपला काढून कट्ट्यावर ठेवल्या आणि गरजला, "ह्या झाडाला फळ धरंपतुर दादासो पायात चप्पल घालणार न्हाय! ऐकलं का सगळ्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं. मी तर घरात भाकरी थापत होते, मीही ऐकलं.

घरी आल्यावर मनालीनं मोबाइलवर बघितलं आणि हळूच म्हणाली, "आजोबा, बियांपासनं लावलं तर फळ यायला दोन-तीन वर्षं लागतात."

दादासोनं स्वतःच्या पायाकडं बघितलं. "मिरचीला तर तीन म्हैन्यात येती."

"ही मिरची नाही."

"मग मगाशी सांगायचं न्हाईस व्हय?"

"मगाशी तुम्ही मला कुठं विचारलं? डायरेक्ट कट्ट्यावर गेलात."

तर असा आमचा चपलेचा कारागीर अनवाणी झाला. गिऱ्हाईक यायचं, चपला पायात घालून बघायचं, आणि मग त्याची नजर ह्याच्या पायाकडं जायची. इचलकरंजीचा एक पाहुणा म्हणाला, "मामा, तुमीच घालत न्हाईसा, मग आमी कशाला घ्यायच्या?"

"पावणं," दादासो म्हणाला, "हलवाई कधी जिलबी खातोय का?"

पाहुण्यानं त्याच्या भेगा पडलेल्या टाचा बघितल्या आणि शेजारच्या दुकानात गेला.

इकडं झाडाचे लाड सुरू झाले. फळ लवकर धरावं म्हणून गल्लीतला जो तो काहीतरी सांगायचा आणि दादासो ते करायचा. मासळी धुतलेलं पाणी झालं, ताक झालं, चहाचा चोथा झाला. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी बाळाबाईची नजर चुकवून पाणी. पावसाळ्यात झाडावर छत्री बांधली आणि स्वतः भिजत तिची काडी धरून बसला. दृष्ट लागू नये म्हणून किल्लीला लावायच्या बारक्या चपलांची एक जोडी काळ्या दोऱ्यात ओवून फांदीला अडकवली. आण्णा खालनं ओरडला, "आरं, झाडानं चप्पल घातली आणि मालक अनवाणी!"

झाड वाढलं, पण वेड्यासारखं. लांब लोंबत्या फांद्या, बारीक काटे. दुसऱ्या वर्षी जांभळी फुलं आली. दादासोनं पेढे वाटले. पेढे संपायच्या आत फुलं गळली.

त्यातच मनालीचं लग्न ठरलं. हुपरीचा मुलगा, ऋतुराज नाव, घरी चांदीच्या पैंजणाचं काम. लग्न वैशाखातलं. आता मात्र बाळाबाईचा धीर सुटला.

"अवं, नातीच्या लग्नात आज्जा अनवाणी? व्याही काय म्हणतील? चपलंचं दुकान बघून सोयरीक केली आणि ह्येंच्या पायातच काय न्हाय!"

"मी काय करू? झाडाला इचार."

त्यालाही लाज वाटत होतीच. मला एकदा म्हणाला, "आक्का, पोरीच्या मागं उभा ऱ्हायचं आणि लोकांनी माझ्या टाचा बघायच्या. पर शब्द दिलाय. आता कसं करू?"

आण्णाचंही मन त्याला खाऊ लागलं. तो घरी येऊन म्हणाला, "जा, मी सोडला तुला. घाल चपला."

"तू कोण सोडणार? ही काय तुझी एसटी हाय व्हय, हात केला की थांबाय?"

लग्नाला आठवडा उरला तेव्हा एका सकाळी गच्चीवरनं दादासोची हाक आली, "आक्का! बाळे! मनाली! वर या!" आम्ही धापा टाकत गेलो. झाडाला तीन फळं लागली होती. लालभडक. आणि सुरकुतलेली.

दादासो झाडापुढं उकिडवा बसला होता. "आक्का, तू लई झाडं बघितलीस. फळ वाळून धरतंय व्हय कुठं?"

"चीनचं हाय," मी म्हणाले. "तिकडची रीत न्यारी असंल."

त्यानं पहिलं फळ बोटानं उचललं. खाली ब्लाउज शिवायचा लाल दोरा. बाळाबाई कावळे बघायला लागली. दुसऱ्याला मनालीच्या दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याची गाठ. तिसरं फळ तर गोजी नव्हतंच. आण्णानं सुकी मिरची बांधली होती, आणि तीही देठ खाली करून. तिघांनी तीन वेळा, एकमेकांना न सांगता, एकाच झाडावर.

"येवढा जीव लावतासा," दादासो म्हणाला, "तर मला अनवाणी मिरवा की जरा."

तसं मिरवलं. लग्नादिवशी दुपारी हॉलच्या दारात वरात आली, बँडवाल्यांनी जोर धरला, आणि दादासो स्वागताला डांबरावर उतरला. वैशाखातलं डांबर! त्यानं उजवा पाय उचलला, डावा टेकला, डावा उचलला, उजवा टेकला, दोन्ही हात हवेत. हुपरीच्या पाहुण्यांना वाटलं, मुलीचा आज्जा नाचतोय. ते आले नाचत. व्याह्यांनी त्याचे खांदे धरले आणि त्याच्यासारखेच पाय उचलायला लागले. सावली दोन हातांवर होती, पण पाहुणे त्याला सोडेनात. अजूनही हुपरीला कुणाचं लग्न निघालं की पोरं तसाच नाच करतात, असं मनाली सांगते. टाचा कुणीच बघितल्या नाहीत.

लग्नाच्या गडबडीत गच्चीवर कुणी फिरकलं नव्हतं. मांडवपरतणं झालं आणि दादासो घाबरत वर गेला, झाड मेलं असणार म्हणून. माती फुटली होती, पानं मलूल होती, आणि नव्यानं येऊन सुकलेल्या एका फुलाच्या बुडाशी मुगाएवढं हिरवं काहीतरी होतं. इतकी वर्षं बिचारं पाण्यात बुडून होतं. जरा तहान लागली तसं कामाला लागलं.

अख्खा कट्टा गच्चीवर आला. आण्णानं चष्मा लावला. "मागच्या टायमाला फसवणूक झालती," तो म्हणाला, जशी काही दुसऱ्याच कुणी केली होती. "दोरा हाय का बघतो." आणि त्यानं फळ जरासं ओढून बघितलं.

ते त्याच्या हातात आलं.

आण्णाचा हात तसाच पुढं. शेवटी बाळाबाईच म्हणाली, "तुटलं म्हंजे धरलं हुतं. न धरता तुटतंय व्हय?"

हे कट्ट्याला पटलं. आण्णा सगळ्यात आधी "पटलं" म्हणाला.

दादासो खाली दुकानात आला, फळीवरनं स्वतःच्या मापाची चप्पल काढली आणि पाय घातला. पाय जाईना. त्याहून मोठी काढली; अंगठा गेला, बाकीची बोटं बाहेर उभी. अनवाणी फिरून पाय सुपासारखे पसरले होते. दुकानात एकही जोड बसेना.

मग बाळाबाईनं जमिनीवर कागद टाकला, दादासोला गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवला आणि त्याचा पाय धरून भोवती पेन्सिल फिरवायला लागली. तो लागला वळवळायला.

"आगं, गुदगुल्या हुतायत!"

"हलू नगासा."

"सोड की, मी घेतो माझं माप."

"वाकता येतंय का? गप बसा," ती म्हणाली आणि दारात उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाकडं वळली. "पावणं, जरा दम काढा. आदी ह्येंचं हू द्या."