आपले सत्र समाप्त झाले आहे

माझी धाकटी नणंद त्या शनिवारी दुपारी अकोल्याला आमच्या दारात येऊन उभी राहिली. हातात दोन पिशव्या. एकीत उत्तरपत्रिका आणि दुसरीत शाळेत ठेवलेलं तिचं सामान: कप, शाल, हाताएवढा आरसा. हिवरखेडला एका खासगी शाळेत ती तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. जेवढे तास घेतले तेवढाच पगार आणि नेमणूक एका सत्रापुरती. दिवाळीच्या सुट्टीआधी पहिलं सत्र संपतं. दुसऱ्याला बोलावतील की नाही, ही धाकधूक तिला दरवर्षी असते.

"वहिनी, मले काढून टाकलं," ती म्हणाली.

"कोणी?"

"तुमच्या कॉम्प्युटरनं."

तुमच्या म्हणजे खरोखरच माझ्या. अमरावतीच्या ज्या कंपनीत मी सर्व्हर सांभाळते, तिथूनच त्यांच्या संस्थेच्या शाळांना गुण भरायचं संकेतस्थळ चालतं. शनिवारी मी घरूनच काम करते.

तिनं मोबाइलवर काढलेला पडद्याचा फोटो दाखवला. 'आपले सत्र समाप्त झाले आहे. कृपया नव्याने प्रवेश घ्यावा.'

मला हसू फुटलं. तिचा चेहरा पाहिला आणि चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले.

सर्व्हरला माणसं लक्षात राहत नाहीत. पासवर्ड देऊन आत आलेल्याची तो एक खूण ठेवतो आणि काही वेळ त्या माणसाकडून काहीच आलं नाही की ती पुसून टाकतो. या प्रकाराला सेशन म्हणतात. संकेतस्थळाचं मराठी बाहेरून करून घेतलं होतं आणि करणाऱ्यानं सेशनचं 'सत्र' केलं. शब्दकोशात बरोबर आहे. पण तासिकेवरच्या बाईला कुणी 'आपले सत्र समाप्त झाले' असं लिहून दाखवलं, तर ती सामान बांधणारच.

"अगं, मुख्याध्यापकांना विचारायचं तरी!"

"काहून इचारू? 'हो बाई, काढलं' हे त्याच्या तोंडून आयकाले? अन् माह्या बाजूच्या परमनंट बाईनं कालच गुण भरले, तिले असं काही आलं नाही. मलेच कसं आलं?"

त्याचं उत्तर मला ती गुण भरायला बसल्यावर मिळालं. तूर्तास घाई वेगळीच होती. गुण भरायची मुदत त्याच दिवशी सहाला संपत होती, आणि ज्याचे गुण वेळेत येत नाहीत त्याला पुढं बोलावत नाहीत. म्हणजे नोकरी अजून गेलेली नव्हती. पण ती अशीच बसून राहिली असती तर संध्याकाळी नक्की गेली असती.

तिला लॅपटॉपसमोर बसवलं. ती हात लावेना.

"नाही घेतलं आत तर?"

"तर मी आहे. टाक पासवर्ड."

तिनं एका बोटानं टाकला. पान उघडलं, वर तिचं नाव, खाली तिचा वर्ग. ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

"बघत काय बसलीस? भर."

तेव्हा कळलं घोळ कुठं आहे. एक उत्तरपत्रिका काढायची, बेरीज पाहायची आणि मग त्या पोराची सगळी कहाणी. "हा बकऱ्या सोडून येते, याले एक मार्क कमी पडून राहिला वो." "ही पोरगी निबंधात मलेच लिहिते, 'माझी आवडती शिक्षिका'. आता हिले कमी कसे देऊ?" शेजारच्या बाई नुसते आकडे टाकून मोकळ्या झाल्या असणार. पान जतन करायचं बटण सगळ्यात खाली, आणि ते दाबल्याशिवाय सर्व्हरला काही कळत नाही. त्याच्या लेखी ही बाई उठून गेलेली असते. सेशनची मुदत पंधरा मिनिटांची. तेवढ्यात हिची दोनच पोरं होतात.

ही मुदत लगेच वाढवणं माझ्या हातात होतं, पण त्यासाठी सर्व्हर बंद करून चालू करावा लागला असता. मग त्या घटकेला गुण भरत बसलेल्या प्रत्येकाला तेच वाक्य दिसलं असतं. जिल्हाभरचे तासिकावाले पिशव्या घेऊन निघाले असते. म्हणून मी साधा उपाय केला. शेजारी बसले, आणि प्रत्येक पोर झालं की "जतन कर" म्हणत राहिले.

"तुमी माह्या शाळेत असत्या ना वहिनी, पोरं पळून गेले असते."

"जतन कर."

सहाच्या आत शेवटचा आकडा गेला. थोड्या वेळानं मुख्याध्यापकांचा फोन आला. तिनं उभं राहून घेतला. गुण पोचले होते. सुट्टीनंतर नववीचाही वर्ग घ्याल का, असं त्यांनी विचारलं. "पाहते सर," ती तोऱ्यात म्हणाली. फोन ठेवला आणि सामानाची पिशवी परत न्यायला दाराशी नेऊन ठेवली.

रविवारी सकाळी, संकेतस्थळावर कोणी नसताना, मी सेशनची मुदत वाढवली आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे गुण आपोआप जतन होतील असं केलं. मुदत काढूनच टाका, असं ती म्हणत होती. ते मी केलं नाही. शाळेत कॉम्प्युटर एकच. ही चहाला गेली की हिच्या नावानं दुसराच गुण द्यायचा. त्याऐवजी पान बंद व्हायच्या आधी 'तुम्ही आहात का?' असं विचारायचं ठरलं. खालच्या बटणावर मी 'होय' लिहिणार होते.

"'होय' काय?" ती म्हणाली. "शाळा आहे ते. 'हजर' लिहा."

लिहिलं.

दुसऱ्या सत्रात एकदा तिचा फोन आला. हजर फार छान चाललंय म्हणाली, कोणालाच आता बाहेर काढत नाही. मी विचारलं, कसं काय?

"मी वर्गावर असली की बाजूची बाई माहं हजर दाबते. तिचं मी दाबून देते."

म्हणजे सुरक्षेचे बारा वाजले.