सिप्रियनचा एक तास

गिरीजच्या सिप्रियनला अंतर किलोमीटरमध्ये सांगितलं की राग येतो. तो तासांत बोलतो, आणि तास फक्त हवेतले धरतो. जावई बेळगावचा मिळाला तेव्हा आम्ही म्हटलं, लेक लांब गेली. त्याने मोबाइल आमच्या नाकासमोर धरला. "कुठे लांब? नाशिकहून विमानाने एक तास!" नाशिक स्वतःच गिरीजहून अर्ध्या दिवसावर आहे, हे त्या मोबाइलला कोणी विचारलं नव्हतं.

लेकीला, ज्युलीला, मुलगा झाला. बाप्तिस्म्याला गॉडफादर म्हणून जो बाळाला धरतो त्याचंच नाव बाळाला लागतं आणि तो मान आजोबांचा, ही त्यांच्या घरची रीत. सिप्रियनला मुलगा नाही. आपलं नाव पुढे जाणार म्हणून माणूस वाडीतल्या केळींनाही ती बातमी सांगत फिरला.

त्याचा मेव्हणा फ्रेडरिक नायगावच्या टॉवरमध्ये राहतो. तो म्हणाला, "भावोजी, आदल्या रात्रीच्या बसने सगळे एकत्र जाऊ."

"तू जा बसने हाडं मोडत. मी सकाळी उडतो, तुझ्याआधी चर्चमध्ये बसलेला असेन."

मुंबईचं विमान दुपारचं, म्हणून नाशिकचं तिकीट काढलं. त्याची बायको सालोमी मुकाट्याने भावाबरोबर बसमध्ये बसली. एवढ्या वर्षांच्या संसारात ती एवढं शिकली आहे.

मध्यरात्रीच सिप्रियनने टॅक्सी केली आणि मागच्या सीटवर केळ्यांचा अख्खा घड निजवला. वाडीवाला बारशाला रिकाम्या हाताने जाईल का? विमानतळावर घड काट्यावर चढला आणि वजन जास्त भरलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, थोडी केळी कमी करा. हा म्हणाला, घड मोडत नाय, अपशकुन होतो. असला अपशकुन गिरीजमध्ये आम्ही कधी ऐकलेला नाही. बाजारात घासाघीस करावी तशी त्याने तिथे केली. शेवटी फण्या तोडून रांगेतल्या लोकांना वाटल्या. सगळ्यांनी खुशीने घेतल्या आणि सगळे विमानात जाऊन बसले. सिप्रियनची पाळी आली तेव्हा काउंटर बंद झालं होतं.

काचेतून विमान दिसत होतं. "उभं आहे ना अजून? मग चढू द्या की!" जणू हात केला की थांबणारी अर्नाळ्याची रिक्षाच ती.

विमान वेळेवर उडालं आणि म्हणे बरोबर एका तासात पोचलं.

सिप्रियन त्याच टॅक्सीने रस्त्याने निघाला. तिकडे बेळगावला चर्चमध्ये लगेच पुढे लग्न होतं, त्यामुळे फादरना थांबता येईना. ज्युली दाराकडे बघत राहिली. शेवटी बाळाला कोणी तरी धरायला हवं होतं, आणि बसने आलेला फ्रेडरिक आंघोळ करून, कोट घालून तयार उभा होता.

दिवेलागणीला टॅक्सी दाराशी थांबली. सिप्रियन उरलेल्या दोन फण्या घेऊन आत आला. ज्युलीने बाळ त्याच्या हातात दिलं. "घ्या पप्पा, तुमच्या फ्रेडरिकला."

तो खाली बसला आणि सगळ्यांसमोर रडला. मी गावात त्याची पोटभर टर उडवली, पण हे सालोमीने सांगितलं तेव्हा मलाही वाईट वाटलं. फ्रेडरिकला मात्र वाटलं नसावं. ताटातलं मटण संपवत त्याने विचारलं, "भावोजी, विमानाला किती वेळ लागतो म्हणालात?"

सिप्रियनने डोळे पुसले नाहीत. "एक तास," तो म्हणाला.