पट्ट्यावरची खडूची रेघ

मांडीत लोखंडी सळई घेऊन माणूस पुन्हा आकाशात गेला, तर सळईला थंडी वाजते का, हा प्रश्न ऑपरेशननंतर वर्षभर माझ्या डोक्यात होता. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "आधी जिना चढून दाखवा."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही चार-पाच जण जुन्नरजवळच्या माळावर जीपला दोर बांधून पॅराशूटनं उडायचो. जीप पळाली की माणूस पतंगासारखा वर. जीप चालवायचा माझा मित्र. त्याचं आळेफाट्याला गॅरेज. नट आवळला की त्यावर तो खडूची रेघ ओढायचा, म्हणजे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. तीच सवय त्यानं माळावर आणली. उडणाऱ्याचे पट्टे तोच आवळायचा आणि बकल न् पट्टा मिळून एक रेघ मारायचा. त्यानंतर पट्ट्याला कुणी हात लावायचा नाही.

मी लावला. लेण्याद्रीची लेणी वरून कशी दिसतात ते मला बघायचं होतं आणि वाऱ्याकडे तोंड करून उडावं लागत असल्यानं ती नेमकी पाठीमागे यायची. मांडीचा पट्टा वळू देईना. जीप सुटण्याआधी मी तो चार बोटं ढिला केला. वर जाऊन वळलो तसा एका अंगाला घसरलो, आणि उतरताना सगळा भार एकाच पायावर आला. मांडीचं हाड दोन जागी मोडलं.

लोक पळत येईपर्यंत मी थुंकी लावून अंगठ्यानं ती तुटकी रेघ पुसून टाकली. एवढ्या कळा येत असताना हात तिकडे कसा गेला, याचं मला अजून नवल वाटतं.

"रेघच न्हाई! यानं पट्टा तपासलाच न्हाई," कुणीतरी मित्राकडे बघत म्हणालं. मी डोळे मिटून घेतले. मित्रानं जीपची किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली आणि माळावर येणं सोडलं. दवाखान्यात मात्र दर रविवारी यायचा, द्राक्षं घेऊन.

पाय बरा झाला. उडायची ओढ होतीच, पण पट्टा दुसऱ्या कुणाकडून आवळून घेववेना. गॅरेजात गेलो. तो ट्रकखाली होता. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. पान्याचा आवाज थांबला.

"ढिला कशापायी केला व्हता?"

"लेणी बघायची होती."

"आरं, यष्टीनं जायचं की राव! पायऱ्या हायेत तिकडं." मग ट्रकखालून बाहेर सरकत म्हणाला, "मला सांगून काय उपेग? ज्यांनी माझ्याकडं तसं बघितलं, त्यांना सांग."

रविवारी माळावर सगळ्यांना सांगितलं. एकानं माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मित्रही आला होता, जीपला टेकून उभा होता. वाटलं, आता निघून जाईल. त्यानं खिशातून खडू काढला.

"आत्ता न्हाई. वारा फिरू दे."

दोन तास बसून राहिलो. वारा फिरल्यावर त्यानं जीप उलट्या तोंडानं लावली, पट्टा आवळला, रेघ मारली. "हिला हात लावलास, तर दुसरी मांडी मी मोडीन."

वर गेलो. या खेपेला लेणी न वळताच समोर होती, डोंगराच्या कपाळावर ओळीनं काळी दारं. सळईला थंडी वाजली नाही.

खाली उतरलो तेव्हा तो आधी रेघेपाशी वाकला, आणि मग मला हात दिला.