दहा मिनिटं पुढं

ऐंशीच्या दशकाची अखेर. दुष्काळानं ऊस निम्मा वाळलेला, आणि आमच्या जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यानं हौसेनं दोन संगणक घेतलेले: एक ऑफिसात, एक गेटवरच्या वजनकाट्यावर, मध्ये तार. गाडीची नोंद ऑफिसात व्हायची आणि ती फाइल तारेवरून काट्यावर दिसायची. पण मधूनच काट्यावर आधीच्याच गाडीचं नाव राही, आणि एकाचा ऊस दुसऱ्याच्या नावावर चढे.

संचालकांनी काट्यावरच्या क्लार्कला धरलं. पन्नाशीचे गृहस्थ, बौद्ध कुटुंबातले, घरातले पहिले पगारदार. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत त्यांना घरी बसवायचं जवळजवळ ठरलंच होतं. मी संगणक देणाऱ्या पुण्याच्या कंपनीनं पाठवलेला, मूळचा कळंबचा. चूक कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅममध्ये असणार असं मन सांगत होतं, पण सापडेल तर शपथ. तार बदलली, कार्ड बदललं, चहावर चहा झाला.

शेवटी कर्नलचा कोड ओळ न ओळ वाचला. तारेवरून आलेली फाइल काट्यावरचा संगणक थोडा वेळ स्वतःजवळ ठेवी. ती ताजी असली तर लगेच पुन्हा ऑफिसला विचारी. जुनी वाटली तर हिच्यात आता काय बदलणार, म्हणून मिनिटभर विचारतच नसे. मग आत्ता लिहिलेली फाइल त्याला जुनी का वाटावी? मी काट्यावर पळालो. तिथल्या संगणकाचं घड्याळ दहा मिनिटं पुढं होतं, म्हणून ऑफिसच्या वेळेनं आत्ता लिहिलेली फाइल त्याला दहा मिनिटं जुनी वाटे. वीज गेली की ते बिघडे, आणि क्लार्क आपल्या मनगटावरच्या घड्याळावरून पुन्हा लावत.

"मामा, घड्याळ पुढं कशाला ठेवता?" मी चिडूनच विचारलं.

"पहिल्यापास्नंच हाय, साहेब. दुसऱ्याला उशीर झाला तर एसटी चुकली म्हणत्यात. आमाला झाला तर जात काढत्यात."

माझा राग जागीच जिरला, भीती मात्र वाटली. बैठकीत घड्याळाचं नाव निघालं असतं, तर संचालकांना आयतंच कोलीत मिळालं असतं. मी कर्नलच बदललं: फाइलचं वय बघायचं नाही, दर वेळी ऑफिसला विचारायचं. काम थोडं संथ झालं, पण नाव एकदाही चुकलं नाही.

दोष कुणाचा, असं बैठकीत अध्यक्षांनी विचारलं. आमच्या प्रोग्रॅमचा, असं मी सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. क्लार्कची नोकरी राहिली.

संध्याकाळी ते घरी निघाले तेव्हा माझी नजर त्यांच्या मनगटावर गेली. घड्याळ दहा मिनिटं पुढंच होतं. आता मागं घ्या, असं म्हणायचं धाडस मला झालं नाही.