हाताला लागणारी गल्ली

लोक तिला रफूवाली म्हणत आणि तिलाही ते आवडायचं. लाँड्रीच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तिने सव्वीस वर्षं कोटांची भोकं अशी बुजवली, की गिऱ्हाईक कोट उलटापालटा करून विचारायचं, "काम झालंय ना नक्की?" याहून मोठी शाबासकी तिला ठाऊक नव्हती. ही विद्या तिला थोरल्या नणंदेने दिली होती, लग्नानंतर महिन्याभरातच, भरपूर टोमण्यांसकट.

लाँड्री बंद पडली तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती. या वयात कोण दारात उभं करणार? पण पडद्यांच्या कापडाच्या एका कारखान्यात नमुने शिवायला बाई हवी होती. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "आपल्या आजूबाजूचं शहर बघा आणि त्यावरून सहा तुकडे शिवून आणा. आवडले तर काम तुमचं."

मग काय, बाईसाहेब आठवडाभर गल्लीत खाली मान घालून हिंडल्या. उखडलेला फुटपाथ, गटाराचं जाळीचं झाकण, घराचा जिना. भाजीवाल्याला वाटलं, हिचं काहीतरी पडलंय. तोही बिचारा शोधू लागला. हे सगळं तिने राखी कापडावर राखी दोऱ्याने जीव ओतून उतरवलं.

शनिवारी मॅडमनी तुकडे खिडकीपाशी नेऊन पाहिले. "कापड छान आहे. पण शिवण कुठे आहे?"

रफूवालीने वाकून पाहिलं. सव्वीस वर्षांचा हात तो! त्याने फुटपाथच्या भेगासुद्धा बेमालूम बुजवून टाकल्या होत्या.

"सोमवारपर्यंत थांबते," मॅडम म्हणाल्या. "मग मात्र दुसरी बाई बघावी लागेल."

घरी वन्सं खिडकीत बसल्या होत्या. दोन वर्षांपासून त्यांना उजेड तेवढा कळायचा आणि तेव्हापासून त्या जिना उतरल्या नव्हत्या. जिभेची धार मात्र शाबूत होती. त्यांनी एक तुकडा चाचपला.

"हे काय?"

"फुटपाथ."

"इस्त्री केलीय की काय त्याला? अगं, लपवायला मीच शिकवलं तुला. आता मीच सांगते, दाखव. माझ्या बोटांना लागू दे."

रविवारभर ती जाड सुतळीने शिवत राहिली. गाठी मुद्दाम वरच ठेवल्या, दुमडी उभ्या केल्या. एकेक तुकडा झाला की वन्संच्या हातात द्यायची. नाही लागला तर उसवायची.

"ही जाळी. माझी चप्पल अडकायची हिच्यात," वन्सं म्हणाल्या. शेवटच्या तुकड्यावर त्यांची बोटं एकेक पायरी उतरत गेली आणि थबकली. "तिसरी अजून तुटकीच आहे होय?"

रफूवालीने तो तुकडा त्यांच्याच मांडीवर राहू दिला.

सोमवारी मॅडमनी तुकड्यांवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. मग मोजले. "पाचच? सहावा?"

"तो घरी वापरात आहे," ती घाबरत म्हणाली आणि कशासाठी तेही सांगून टाकलं.

मॅडमनी पाचही तुकडे आपल्या टेबलावर ओळीने मांडले. "उद्यापासून या."

ती धावतच घरी आली. वन्संचं ऋण तिने आजवर कधी तोंडाने मानलं नव्हतं. त्यांच्या घरात तशी पद्धतच नव्हती. आज ती त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "वन्सं, काम मिळालं. माझ्या हातात जे काही आहे ना, ते सगळं तुमचं आहे."

"बरं बरं," मांडीवरच्या तुकड्यावरून बोट न उचलता वन्सं म्हणाल्या. "जिना उतरतेय मी. मध्येच बोलू नकोस."