दोन आखूड, एक लांब

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, उम्म सलाल मोहम्मद या गावात कोणालाही नाव नाही. कतारमध्ये, दोह्याच्या उत्तरेला शेतं, दुकानं, मशिदी असलेलं चांगलं नांदतं गाव. पण आमच्या चहावाल्या चाचांच्या लेखी तिथे माणसं राहतच नाहीत, फक्त हॉर्न राहतात. इथला रिवाजच तसा. गिऱ्हाईक गाडीतून उतरत नाही. दुकानासमोर थांबून हॉर्न वाजवतं, चाचा दाटसर करक चहा घेऊन धावतात आणि गाडीतला गारवा जाऊ नये म्हणून काच चार बोटं खाली येते. रत्नागिरीच्या या गृहस्थांना हॉर्नवरून साखर कळते. एकच लांबलचक, म्हणजे खजुराच्या बागेचा मालक, वेलची जास्त. तुटक तुटक, म्हणजे शाळेतल्या बाई, घाईत. दोन आखूड आणि एक लांब, म्हणजे पश्चिमेकडच्या दुखान गावाहून येणारी पांढरी गाडी. दोन कप, त्यातला एक बिनसाखरेचा. दर शुक्रवारी, गेली अकरा वर्षं.

"नाव काय हो त्यांचं?" मी एकदा विचारलं.

"साहेब, काचेतनं हात तेवढा दिसतो. हाताला नाव विचारू काय?"

मी पायी जातो, त्यामुळे माझा चहा ते कायम विसरायचे. शेवटी मी तोंडाने हॉर्न वाजवायला शिकलो.

तर अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरायचं होतं. आधीचं एक स्थळ "बाप गाड्यांमागे चहा घेऊन पळतो" म्हणून परतलं होतं. मुलगी आठवडाभर जेवली नव्हती, हे सांगताना चाचांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं. या वेळी मुलाचे वडील कतारमध्येच नोकरीला होते आणि आमच्या घरी भेटायला येणार होते. चाचींनी गावाहून फोनवर हुकूम काढला, "आपला बिझनेस आहे, एवढंच सांगायचं. आणि काही झालं तरी खुर्चीवरून उठायचं नाही."

चाचा माझा कोट घालून, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. बायकोने ट्रेमध्ये चहा ओतला. एवढ्यात खालून हॉर्न वाजला. दोन आखूड, एक लांब.

"चाचा, बसा," मी म्हणालो आणि कोट धरला. कोट माझ्या हातात राहिला. चाचा ट्रेसकट जिन्यात होते.

ती सोयरीक झाली. मुलगी आता दुखानला असते. पांढरी गाडी अजून दर शुक्रवारी येते, पण हल्ली चाचा चहा घेऊन आत जाऊन बसतात, काच वर होते, आणि बाहेर मी तोंडाने कितीही हॉर्न वाजवला तरी कोणी ऐकत नाही. मग मला तो दिवस आठवतो. मी गॅलरीत पोचलो तेव्हा काच चार बोटं खाली आली होती, एक हात सवयीने बाहेर आला होता आणि आतून घाबराघुबरा आवाज म्हणत होता, "द्या चाचा, लवकर द्या. मुलीचे वडील फार मोठे बिझनेसमन आहेत म्हणे, वर जायच्या आधी घोटभर पोटात जाऊ दे."