साडूंची एकच लाईन

माझ्या थोरल्या साडूंइतका हट्टी माणूस मलकापूरपासून नागपूरपर्यंत शोधून सापडायचा नाही. उभा जन्म या गृहस्थानं रेल्वेच्या गँगमध्ये काढला, खांद्यावर हातोडा टाकून उन्हातान्हात रूळ तुडवले. त्यामुळे 'लाईन' या शब्दाचा सातबारा आपल्याच नावावर आहे, अशी त्यांची पक्की समजूत. लाईन म्हणजे रूळ, बस्स. आता आमच्याकडे वीज म्हणजे लाईन, नळ म्हणजे लाईन, रेशनपुढची रांग म्हणजे लाईन आणि कॉलेजच्या फाटकाशी पोरं मारतात तीही लाईनच. याला कोण काय करणार? पण भर दुपारी शेजारीण नुसतं "लाईन गेली" म्हणाली, की साडू हातातला घास ताटात टाकून अंगणात. "लाईन कुठी जाईन? जाते ते गाडी. लाईन हाय तिथंच हाय," असं त्या बिचारीला सुनावून मगच परत जेवायला बसणार. शेतात ठिबकची लाईन टाकून देतो म्हणणाऱ्या माणसाला त्यांनी रुळाखालचे स्लीपर किती लागतील ते विचारलं होतं. तो पुन्हा फिरकला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं हो. पण लेकीच्या सोयरिकीत? त्यांची एकुलती एक नीता, नर्सिंग झालेली. चिखलीचा मुलगा तिच्या मनात भरला होता. आम्ही त्यांचं घर पाहायला गेलो. मुलाच्या वडिलांनी चहा देता देता सहज विचारलं, मुलगी कोणत्या लाईनला आहे. साडू ताठ मानेनं म्हणाले, "मुंबई-नागपूर." बैठक खो खो हसली. साडूंनी टोपी उचलली. ज्यांना लाईन कशाला म्हणतात ते ठाऊक नाही त्यांच्या घरी लेक देणार नाही, असं सांगून चालते झाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड दमडीच्या इंग्रजी शब्दापायी हा माणूस पोटच्या पोरीच्या संसाराची माती करत होता, आणि वर घरी येऊन मलाच विचारत होता की माझं काय चुकलं.

नीता आठ दिवस बापाशी बोलली नाही. नवव्या दिवशी एवढंच म्हणाली, "बाबा, तुमाले तो शब्द मोठा का मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच साडू धुतलेलं धोतर नेसून माझ्या दारात उभे. चिखलीला चला म्हणाले. एसटीनं चिखली गाठली. त्या घराच्या उंबऱ्यात त्यांनी हात जोडले.

"चुकलं माहं. पोरगी नर्सिंगच्या लाईनले आहे."

सोयरीक जुळली. परतीच्या एसटीत मी तोंड सोडलं. हेच वाक्य त्या दिवशी म्हणायला काय झालं होतं, पोरीला का रडवलं, सगळं बोलून घेतलं. साडू खिडकीबाहेर पाहत होते.

"मायाजवळ रेल्वेचा पास हाय, भाऊ. मुंबईले जाता येते, नागपूरले जाता येते. चिखलीले लाईनच नाही. पोरीले भेटाले कसा जाऊ?"

आपण एसटीतच बसलोय, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.